न सांगितलेला दोष

विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला न दिसणारा दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगितलाच पाहिजे काय? हा प्रश्न फार जुना आहे. बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी गाठतो. आणि बाजाराशी आपला काय संबंध, असे समजणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदार माणसांनाही तो सोडत नाही. माझ्यापुढे तो गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एका जुन्या मोटरसायकलच्या क्लचच्या रूपाने उभा राहिला. प्रसंग लहान आहे. पण त्याने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

मी साताऱ्यात राहणारा एक निवृत्त शिक्षक. २००९ साली घेतलेली शंभर सी.सी.ची मोटरसायकल मी पंधरा वर्षे चालविली. २०२४ मध्ये तिच्या नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरणही करून घेतले. परंतु गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी विकावी असे घरात ठरले. त्याच सुमारास पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची गरज होती. गाडीचे वीस हजार रुपये आले तर तो खर्च बहुतांशी भागेल, असा आमचा हिशेब होता.

गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी एकदा नीट पाहून घ्यावी म्हणून मी ती कासच्या रस्त्याने यवतेश्वरच्या घाटात नेली. सपाटीवर ती निर्दोष चालली. घाटाच्या पहिल्या कठीण चढावर मात्र मी ॲक्सिलरेटर पिळला, तेव्हा इंजिनाचा आवाज चढला आणि वेग होता तेवढाच राहिला. गाडी नुसतीच ओरडत होती, ओढत नव्हती. थोड्या वेळाने जळकट वासही आला. क्लच घसरत होता.

ज्यांनी हे यंत्र उघडून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिन फिरत असते आणि चाक थांबलेले असते. या दोघांची गाठ एकदम घातली तर गाडीला हिसका बसेल किंवा इंजिन बंद पडेल. म्हणून दोहोंच्या मध्ये क्लच असतो. आपल्या नेहमीच्या मोटरसायकलींत तो तेलात बुडालेला असतो. त्यात अस्तर लावलेल्या प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. अस्तराच्या प्लेटांचे दाते बाहेरच्या ड्रमच्या खाचांत बसतात आणि इंजिनाबरोबर फिरतात. पोलादी प्लेटा आतल्या तुंब्यावर बसतात आणि गिअरबॉक्सकडे शक्ती पोहोचवितात. स्प्रिंगा या साऱ्यांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो; हळूहळू सोडली की प्लेटा क्षणभर एकमेकींवर घासतात आणि मग एकजीव होऊन फिरू लागतात. त्या क्षणभराच्या घासण्यातच अस्तराची झीज होते. लिव्हर अर्धवट दाबून गाडी रेंगाळत चालविण्याची सवय असेल, तर ती झीज कितीतरी वेगाने होते. अस्तर पातळ झाले की स्प्रिंगांचा दाब अपुरा पडतो आणि शक्ती वाटेतच निसटते.

क्लचचा हा दोष मोठा फसवा आहे. इंजिन फुटले तर धूर दिसतो, टायर झिजला तर हाताला लागतो. झिजलेला क्लच मात्र गल्लीतून एक फेरी मारून पाहणाऱ्याला मुळीच दिसत नाही. भार पडला, चढ आला, तरच तो प्रकट होतो.

प्रथम मी केबल तपासली. लिव्हरच्या टोकाला एक ते दोन सेंटिमीटर ढिलाई असावी लागते. केबल फार ताणलेली असेल तर प्लेटा पुऱ्या दाबल्याच जात नाहीत, आणि चांगला क्लचही घसरतो. मी ढिलाई बरोबर केली. गाडी पुन्हा घाटात नेली. घसरणे थोडे कमी झाले, थांबले नाही. म्हणजे दोष आतलाच होता.

आमच्या पेठेतील ओळखीच्या मिस्त्रीला दाखविले. तो कामाचा माणूस आहे आणि माझ्याशी नेहमी आदराने वागतो. गाडी विकायची आहे असे कळताच तो म्हणाला, "मग सर, कशाला खर्चात पडता? प्लेटा काढून पॉलिश पेपरवर घासतो, स्प्रिंगांखाली एकेक वॉशर टाकतो. दोन-अडीच महिने कुणाला काही कळायचं नाही. पुढचं घेणारा बघून घेईल."

हा उपाय काल्पनिक नाही. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत तो सर्रास केला जातो. वॉशरमुळे स्प्रिंग अधिक दबलेली राहते, तिचा जोर वाढतो आणि पातळ झालेली प्लेटही काही काळ पकड घेते. लिव्हर थोडी जड लागते एवढेच. अस्तर होते तेवढेच पातळ राहते, आणि उरलेली जाडी संपली की क्लच पूर्वीपेक्षाही वाईट घसरू लागतो. वॉशरने दोष जात नाही. तो दिसण्याची तारीख फक्त पुढे जाते.

मी मिस्त्रीला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दोन दिवसांनी वाईहून एक तरुण गाडी पाहावयास आला. तो पाचगणीच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. रोज पहाटे पसरणीचा घाट चढून जायचे आणि रात्री उतरून यायचे, असा त्याचा क्रम. एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत म्हणून त्याला गाडी हवी होती. त्याने आमच्या गल्लीत एक फेरी मारली आणि त्याचा चेहरा उजळला. मग तो म्हणाला, "सर, मी काही मेकॅनिकला घेऊन आलो नाही. तुम्ही शिक्षक माणूस. तुमचा शब्द बास. घाटात ओढंल ना?"

मी म्हणालो, "थोडे काम करून देतो. पुढच्या रविवारी दुपारनंतर ये." उत्तर खोटे नव्हते, पण खरे बोलण्याचे टाळणारे होते, हे मला त्याच क्षणी जाणवले. त्या रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. जुनी गाडी आहे, हे त्याला दिसतंच आहे. जुन्या वस्तूत दोष असायचेच, म्हणून तर ती स्वस्त मिळते." त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मी त्यावर विचार करू लागलो, आणि या प्रश्नावर आपल्याआधी कोणी काय म्हटले आहे हे पाहू लागलो.

सिसेरो या रोमन विचारवंताने इ.स.पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हाच प्रश्न आहे. एका गृहस्थाला आपले घर विकावयाचे आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजले आहे, निजण्याच्या खोल्यांत विषारी जीव निघतात. पण हे त्याच्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. गुरू डायोजेनीस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगावयास लावले आहे तेवढे सांगावे. लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. घ्यावयाची सक्ती तर कोणी केलेली नाही. शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसाला चुकीच्या सौद्यात जाणूनबुजून पडू देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यापेक्षाही वाईट आहे. सिसेरो शेवटी शिष्याच्या बाजूने कौल देतो.

आपल्या देशातील कायदाही या वळणावर बराच वेळ थांबलेला दिसतो. १९३० च्या माल विक्री अधिनियमात, काही महत्त्वाचे अपवाद सोडता, घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे हे तत्त्व आहे. त्याआधीच्या १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे सतरावे कलम कपटाची व्याख्या करते, आणि तेथे घोड्याची उदाहरणे दिलेली आहेत. एक मनुष्य आपला सदोष घोडा लिलावात विकतो आणि दोषाविषयी काही बोलत नाही. हे कपट होत नाही. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा चांगला आहे असे समजेन, तर विकणाऱ्याचे गप्प राहणे हेच बोलणे होते. त्याच कलमात असेही आहे, की ठाऊक असलेली गोष्ट कृती करून झाकणे हे कपटच होय.

हे वाचून मी अंतर्मुख झालो. वॉशर टाकणे ही झाकण्याची कृती होती; तेथे डायोजेनीसही माझ्या मदतीला येणार नव्हता. आणि वॉशर न टाकता नुसते गप्प राहणे? त्या तरुणाने तर मला विचारले होते. घाटात ओढेल ना, असे विचारून तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याने परीक्षा करण्याचे सोडून दिले होते आणि माझा शब्द हाच पुरावा मानला होता. कायद्याने ज्या नात्याला मुलीचे उदाहरण दिले, ते नाते त्याने आपण होऊन माझ्याशी जोडले होते. जो आपल्यावर विसंबतो, त्याच्या बाबतीत आपण बाजारातील परके माणूस राहत नाही. मग माझ्या मौनाला लिलावातल्या मौनाची सवलत कशी मिळावी?

तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने आपल्या मोठ्या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक प्रकरण लिहिले आहे, आणि विक्रेता दोष सांगण्यास बांधलेला आहे काय हा प्रश्न त्यात स्वतंत्रपणे घेतला आहे. त्याचे उत्तर विवेकी आहे. दोष उघड असेल, घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही. परंतु दोष गुप्त असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर न सांगता विकणे अन्यायाचे आहे. माझी गाडी पंधरा वर्षांची आहे, तिचा रंग उडाला आहे, सीट फाटली आहे. हे सारे घोड्याच्या डोळ्यासारखे उघड. मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर होते. क्लच मात्र इंजिनाच्या कव्हराआड होता.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला या सर्व पंडितांची खरे तर गरज नाही. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात एकाच पिशवीत दोन प्रकारची वजने बाळगण्याचा निषेध आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण वाण्याच्या तराजूकडे बोट दाखविणे सोपे असते; आपल्याही पिशवीत एक वजन घेताना आणि दुसरे देताना वापरले जाते, हे लवकर ध्यानात येत नाही. वाईच्या तरुणाच्या जागी मी असतो, तर मला सारे कळावे अशीच माझी अपेक्षा असती.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९९६ साली मी एक जुनी स्कूटर विकली होती. तिचा तिसरा गिअर चालता चालता आपोआप सुटत असे. मी ते सांगितले नाही. घेणारे आमच्याच शाळेतील शिपाई होते, आणि त्यांनीही मला काही विचारले नव्हते, एवढ्यावर मी मनाचे समाधान केले होते. तीन आठवड्यांनी भर उन्हात ते ती स्कूटर ढकलीत आमच्या दारावरून गेले. मी अंगणात उभा होतो. ते थांबले, कपाळाचा घाम पुसला, नेहमीसारखे "नमस्कार सर" म्हणाले आणि पुढे गेले. त्यांनी त्यानंतरही कधी तक्रार केली नाही. ते आज हयात नाहीत. त्यांनी मला दोष दिला असता तर मी काही तरी उत्तर दिले असते, कदाचित पैसेही परत केले असते. त्यांच्या त्या नमस्काराला मात्र माझ्याजवळ आजपर्यंत उत्तर नाही.

दोष सांगावयाचा, हे ठरले. आता दुसरा प्रश्न उभा राहिला. सांगून, किंमत कमी करून, गाडी आहे तशी द्यावी काय? प्रामाणिकपणाला एवढे पुरेसे आहे असे प्रथम वाटले. पण अक्वायनसने नुकसान आणि धोका हे दोन शब्द वेगळे वापरले आहेत, त्याचे महत्त्व मला या वेळी कळले. नुकसान पैशाने भरून निघते. धोका पैशाने भरून निघत नाही. दोन हजार रुपये कमी घेतले म्हणून पसरणीच्या घाटाचा चढ कमी होत नाही. पहाटेच्या अंधारात ट्रकच्या पुढे जाताना गाडीने ऐन वेळी ओढणे सोडले, तर मिळालेली सूट त्या मुलाच्या काय कामाची? आणि हाती वाचलेले दोन हजार तो आधी क्लचवर खर्च करील, की घरभाड्यावर, हे मी त्याच्या परिस्थितीवरून ओळखू शकत होतो. तेव्हा दुरुस्ती मीच करावयाची, असे मी ठरविले. मजुरी वाचावी म्हणून घरीच करावयाची. हातांना अजून ते काम येत होते.

प्लेटांचा संच, स्प्रिंगा आणि कव्हराचे पॅकिंग आणले. मधला खाचांचा नट काढण्यासाठी खास सॉकेट लागते. छिन्नी-हातोड्याने तो ठोकून सोडविण्याची पद्धत आहे, पण त्याने खाचा मोडतात. सॉकेट मिस्त्रीकडून उसने मिळाले. त्याने ते हसत दिले. इंजिन थोडे गरम करून तेल काढले, केबल सोडविली, किकचा दांडा आणि पायटा उतरविला. कव्हराचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हराची आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. कव्हर निघेना तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर खुपसण्याचा मोह झाला. पण तसे केले की ॲल्युमिनियमच्या काठाला ओरखडा पडतो आणि तेथून तेल गळत राहते. लाकडी ठोकळ्याने हलके ठोकीत राहिलो आणि ते सुटले.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून ढिले केले, नट काढला आणि प्लेटा बाहेर आल्या. अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. व्हर्नियरने मोजले तेव्हा जाडी पुस्तिकेतील किमान मर्यादेखाली उतरली होती. नवी प्लेट आणि बाद प्लेट यांच्या जाडीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एवढ्याशा फरकावर चढ चढणे आणि न चढणे अवलंबून होते! पोलादी प्लेटा खिडकीच्या काचेवर ठेवून पाहिल्या. दोन प्लेटा वाकल्या होत्या आणि त्यांच्यावर उष्णतेचे निळसर डाग होते. जुन्या स्प्रिंगा नव्यांशेजारी उभ्या केल्या, तेव्हा त्यांची उंची कमी झालेली स्पष्ट दिसली. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या. कोरड्याच बसविल्या तर पहिल्याच घर्षणात त्या करपतात.

दुसऱ्या दिवशी ड्रम पुसताना मला न विचारलेले एक उत्तर मिळाले. ज्या खाचांत प्लेटांचे दाते सरकतात, त्या खाचांच्या कडांवर वर्षानुवर्षांच्या आघातांनी बारीक खळगे पडले होते. ते कानशीने हलकेच घासून कडा सपाट केल्या. खळगे खोल नव्हते, गाडी त्याने घसरणार नव्हती. पण ड्रम नवा राहिला नव्हता, आणि काही वर्षांनी तो बदलावा लागणार होता. नवा ड्रम घेणे मला परवडणारे नव्हते. म्हणजे इतके करूनही सांगावयाचे काही शिल्लक राहिलेच. दुरुस्ती केली की बोलण्याची जबाबदारी संपली, ही माझी समजूत तेथे पुसली गेली.

काढलेले काळे तेल, सुमारे एक लिटर, समोर पातेल्यात होते. गटार चार पावलांवर. आमच्या गल्लीत अनेकांनी तेथेच तेल ओतलेले मी पाहिले आहे. पण गटाराचे पाणी जेथे पोहोचते तेथेही कोणी तरी आहे, आणि तोही माझ्या दोषाचा न विचारता झालेला ग्राहकच आहे. तेल डब्यात भरून, जुने तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या वर्कशॉपमध्ये पोहोचते केले. नवे तेल घालताना ते मोटारीचे नाही, ओल्या क्लचच्या मोटरसायकलीसाठीचे आहे, हे डब्यावरील जासो एम.ए. ही खूण पाहून ठरविले. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी नवा क्लचही घसरू शकतो. केबलची ढिलाई जुळविली आणि गाडी घाटात नेली. ती यवतेश्वरपर्यंत कुरकुर न करता चढली.

रविवारी उपासनेनंतर तो तरुण आला. मी त्याला सारे सांगितले: क्लच घसरत होता, प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या घातल्या, ड्रम झिजू लागला आहे, तो पुढेमागे बदलावा लागेल. जुन्या प्लेटा कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्याही दाखविल्या. त्याचे समाधान होईल अशी माझी अपेक्षा होती. पण त्याचा चेहरा उतरला. त्याने गाडीकडे नव्याने, संशयाने पाहिले. "घरी विचारून सांगतो," असे म्हणून तो निघून गेला आणि आठ दिवस त्याचा पत्ता नव्हता.

त्या आठ दिवसांत माझा प्रामाणिकपणा फारसा तेजस्वी राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेची तारीख जवळ येत होती. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचे न बोलणेही ऐकू येत होते. क्लच दुरुस्त केला होता. मग ड्रमचा उल्लेख केला नसता तर काय बिघडले असते, असे मी स्वतःला अनेकदा विचारले. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वस्तूतील दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असला, की घेणारा प्रत्येक वस्तूत दोष आहे असे धरूनच किंमत देतो. मग चांगली वस्तू विकणाऱ्याला ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि वाईट तेवढे उरते. त्या तरुणाचा संशय मला आता समजू लागला. इतके दोष सांगणारा माणूस नक्कीच आणखी काही मोठे लपवीत असला पाहिजे, असे त्याला वाटले असेल, तर त्याला हे कोणी शिकविले? पूर्वी ज्यांनी ज्यांनी मौन पाळले, त्या सर्वांनी. आणि त्यांत १९९६ सालचा मीही आहे. एकाने न सांगितलेल्या दोषाची किंमत पुढे खरे सांगणाऱ्याला मोजावी लागते.

नवव्या दिवशी तो आपल्या मामांना घेऊन आला. मामा अनुभवी होते. त्यांनी गाडी घाटात नेली, परत आल्यावर लिव्हर ओढून पाहिली, जुन्या प्लेटा हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "ड्रमचे काही तरी कमी करा." अठरा हजार पाचशेला व्यवहार झाला. दीड हजार कमी आले, प्लेटांचा खर्च वेगळा. उरलेली रक्कम आम्ही दुसरीकडून उभी केली आणि शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना माझ्या लक्षात आले, की त्यांत गाडीचा सारा तपशील असतो, दोषांसाठी मात्र रकाना नसतो. म्हणून मी एका वेगळ्या कागदावर केलेले काम, त्याची तारीख आणि राहिलेला दोष लिहून सही केली. मुलाने तो कागद घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला.

वाचकहो, मोटरसायकल आपल्यापैकी प्रत्येकाला विकावयाची नसते. पण दोष ठाऊक असून गप्प राहण्याची वेळ आपणा सर्वांवर येते. मुलामुलींचे विवाह जुळविताना आजाराची किंवा व्यसनाची गोष्ट आपण पाहुण्यांपासून राखून ठेवतो. नोकरीसाठी शिफारसपत्र देताना माणसाचा एखादा गंभीर दोष सौजन्यापोटी वगळतो. घर भाड्याने देताना पावसाळ्यात कोणती भिंत पाझरते हे भाडेकरूला पावसाळ्यातच कळू देतो. प्रत्येक वेळी, त्यांनी विचारले कोठे, हे उत्तर तयार असते. ते बहुधा विचारत नाहीत; कारण त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. त्यांचे न विचारणे ही आपल्याला मिळालेली सवलत नाही, आपल्यावर पडलेले ओझे आहे.

असे वागल्याने माझा जुना हिशेब मिटला, असे मात्र मला वाटत नाही. वाईच्या तरुणाला दिलेले सत्य शाळेच्या शिपायांच्या नावावर जमा होत नाही. एका माणसाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही. क्षमा मागण्याची माझी वेळ गेली, आणि ते दुःख माझ्याजवळ राहील. ज्यांची वेळ अजून गेलेली नाही, ज्यांना दोष ठाऊक आहे आणि ज्यांचा ग्राहक अजून दारात उभा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.